जिन

सातवीच्या वर्गात ‘माझे वडील’ या विषयावर पाच ओळी लिहायला सांगितल्या होत्या. एका मुलाने वाचलं, “माझे अब्बा जिनमध्ये काम करतात.” मागच्या बाकावरून आवाज आला, “जिन में, के जिन के साथ?” वर्ग हसला. मुलाने वही मिटली.

आमची शाळा जळगावची, उर्दू माध्यमाची. या मुलांना जिन म्हणजे आगीपासून घडवलेली, डोळ्यांना न दिसणारी मखलूक; कुरआनात त्या नावाची सूरहच आहे. पण कापसाच्या या मुलखात जिन म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणारा कारखानाही. लहानपणी धुळ्यात जिनचा भोंगा वाजला की अम्मी मामूंसाठी तवा ठेवायची.

मी खडू उचलला. कारखान्याचा ‘जिन’ इंग्रजीतला, ‘इंजिन’चा तोकडा झालेला तुकडा, मुळातल्या लॅटिन शब्दाचा अर्थ उपजत बुद्धी. दारूची जिन वेगळी, ती जुनिपर नावाच्या झुडपाच्या फळावरून आली. जैनांचा ‘जिन’ संस्कृत, म्हणजे स्वतःला जिंकलेला. आणि आपला जिन अरबी: जीम, नून, नून. अर्थ झाकणं, लपणं. त्यातूनच झाडांनी झाकलेली जन्नत, पोटात लपलेला जनीन म्हणजे गर्भ, आणि अक्कल झाकली गेलेला मजनून.

यंत्राचंही सांगितलं. अमेरिकेत एली व्हिटनीने १७९३ साली जिन बनवलं. सरकी झटपट निघू लागली, कापसाची लागवड वाढली आणि ती करणाऱ्या गुलामांची संख्याही. पण सरकी काढायचं हातयंत्र आपल्याकडे फार जुनं. इथून सुमारे ६० किलोमीटरवर अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांतही ते दिसतं.

तेवढ्यात तो मुलगा उभा राहिला. “सर, अब्बा रात को आते तो पलकें, भवें सब सफ़ेद रहतीं. छोटी सच में डर जाती. खाँसते भी बहुत.”

या वेळी कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना पाहिलं, त्याने ‘जिन’ खोडून ‘कारखाना’ लिहिलं होतं. मी लाल पेनने शेजारी लिहिलं: पहिला शब्द बरोबर होता.