मुरणे

काळ पदार्थावर काय करतो हे सांगण्यासाठी मराठीने क्रियापदांची मोठी शिबंदी बाळगली आहे. दूध नासते, भाजी विटते, पीठ आंबते, पापड सादळतो, लाकूड कुजते. या सर्व क्रियापदांत काळ हा शत्रू आहे. एका ‘मुरणे’ या क्रियापदात मात्र तो सहकारी होतो. लोणचे मुरते, पाऊस जमिनीत मुरतो, माणूस एखाद्या व्यवसायात मुरतो. ‘मुरंबा’ हा शब्द वास्तविक अरबी ‘मुरब्बा’वरून आलेला, पण मराठी कानाला त्यात ‘मुरणे’च ऐकू येते, आणि तो ऐकण्याचा गोडवा व्युत्पत्तिशास्त्रालाही हिरावून घेता येत नाही. जुने होणे आणि मुरणे यांतला भेद आपल्या भाषेला असा उपजत ठाऊक आहे. समीक्षेला तो नेहमीच ठाऊक असतो असे नाही.

हा विचार मनात घोळू लागला तो चहामुळे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, असमिया, बंगाली, पाली आणि प्राकृत या पाच भाषांना अभिजात भाषेचा दर्जा दिला. मयूर विहारातल्या आमच्या सहकारी गृहसंस्थेत त्या आठवड्यात दोन घरांतून पेढे वाटले गेले. एक घर आमचे, दुसरे समोरच्या इमारतीतील असमिया कविमित्रांचे. अभिजाततेच्या निकषांत प्राचीनत्वाला मोठे स्थान आहे. दीड ते दोन हजार वर्षांचा लेखी इतिहास दाखवावा लागतो. पेढा तोंडात टाकून कविमित्र म्हणाले, “वय सिद्ध झाले, डॉक्टरसाहेब. आता चवीचे काय?” त्या वेळी तिसरे शेजारी तेथे होते. चिनी भाषेचे अध्यापन करून ते निवृत्त झालेले. ते म्हणाले, “चवीचा प्रश्न असेल तर माझ्याकडे पु-अर आहे.” त्या हिवाळ्यातले काही रविवार मग आम्ही या प्रश्नाला दिले.

पु-अर हा चीनच्या युन्नान प्रांतातला चहा. मोठ्या पानांच्या झाडांचा पाला कढईत थोडा भाजून, चोळून उन्हात वाळवतात आणि मग वाफेवर धरून, दाबून त्याच्या चकत्या करतात. गुळाची ढेप असते तशी ही चहाची चकती. तिचे रूढ वजन ३५७ ग्रॅम, आणि अशा सात चकत्यांची एक चवड. पु-अर हे नाव चहा पिकवणाऱ्या गावाचे नव्हे, बाजारपेठेचे. आसपासच्या डोंगरांतला माल तेथे येई आणि खेचरांच्या तांड्यांबरोबर तिबेटकडे जाई. उन्हात वाळल्यामुळे पानाचा जीव पुरता जात नाही. हवेतला ओलावा आणि पानांवरचे सूक्ष्मजीव त्यात वर्षानुवर्षे काम करीत राहतात. कडूपणा मावळतो, रंग गडद होतो. हा विलंब व्यापाराला परवडेना, तेव्हा १९७० च्या दशकात कुनमिंगच्या चहा-कारखान्यात दुसरी रीत बसवण्यात आली. पानांचे ढीग करावे, त्यांवर पाणी शिंपडावे, झाकून ठेवावे, आणि वीस वर्षांचे काम दीड-दोन महिन्यांत उरकावे. ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ हा आपला संशयाचा वाक्प्रचार या चहाला शब्दशः लागू पडतो. तो वाईट नसतो. काळाभोर, गुळगुळीत, ओल्या मातीच्या वासाचा असतो. पण त्यात पहिला घोट आणि सहावा घोट यांत फारसा फरक नसतो. जे सांगायचे ते तो एकदाच सांगतो.

शेजाऱ्यांकडचा खरा ऐवज निराळा होता. सुमारे वीस वर्षांपूर्वी कुनमिंगहून त्यांनी कच्च्या पु-अरची एक चवड आणली होती. त्यातल्या दोन चकत्या मयूर विहारातच पुस्तकांच्या कपाटात राहिल्या, एक मुंबईला मुलीकडे गेली. हिवाळ्याच्या सुट्टीत मुलगी ती घेऊन आली. एकच झाडोरा, एकच साल, एकच कारखाना. फक्त हवा वेगळी. झाकणाच्या लहानशा भांड्यात सहा-सात ग्रॅम पाने, वर उकळते पाणी. पहिले पाणी ओतून द्यायचे, पुढचे काही क्षणांत गाळायचे, आणि असे आठ-दहा वेळा. दिल्लीची चकती सोनेरी उतरली. तिचा कडूपणा शाबूत होता, तुरटपणा जिभेच्या कडा धरून बसला होता; वीस वर्षांचे वय तिच्या वेष्टनावर होते, अंगात नव्हते. मुंबईच्या चकतीचे पाणी तांबूस. पहिल्या घोटात जुन्या पेटाऱ्याचे लाकूड, पुढे कापराचा पुसट गारवा. कडू चव आली ती क्षणभरच, आणि घोट उतरल्यावर घशाकडून एक गोडी परत आली. चिनी रसिकांकडे या परतणाऱ्या गोडीला स्वतंत्र शब्द आहे. कारण उघड आहे. दिल्लीचे चार महिने लू आणि धूळ यांचे, चार महिने कोरड्या थंडीचे. चहाला लागणारा ओलावा मिळतो तो जेमतेम पावसाळ्यात. मुंबईची हवा पापडाचा घात करते, पण पु-अरवर उपकार करते. केवळ जुने म्हणून काही चांगले ठरत नाही, हे कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रारंभीच सांगून ठेवले आहे. त्याला या दोन चकत्यांनी एवढीच पुस्ती जोडली: काळ सर्वांचा सारखाच जातो, मुरणे मात्र सहवासावर अवलंबून असते.

दुसऱ्या रविवारी शेजाऱ्यांनी ‘रानटी’ पु-अर काढला. हा नवा, सुटा. रंगाने फिकट, वासाने मधासारखा, चवीला सुरुवातीस लाजरा आणि चौथ्या-पाचव्या पाण्याला एकदम उग्र. बाजारात अशा चहाला मोठे मोल आहे. पण या ‘रानटी’ शब्दापाशी थबकावे लागते. काही झाडे खरोखर वन्य असतात, कित्येकदा वेगळ्या जातीचीही. परंतु या नावाने जे विकले जाते त्यातले पुष्कळसे शेकडो वर्षांपूर्वी माणसांनीच मोठ्या वृक्षांच्या सावलीत लावलेल्या झाडांचे असते. पु-अरजवळच्या जिंगमाय डोंगरावरील असे जुने चहावन २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. ते ब्लांग आणि दाय लोकांनी राखले आहे. दुरून पाहणाऱ्याला जे अरण्य दिसते ते राहणाऱ्याचे शेत असते. आपल्या खेड्यांतली भाषा येथे अधिक शहाणी आहे. तिच्यात ‘रान’ म्हणजे जंगल आणि ‘रान’ म्हणजे पेरलेले शेतही. “धनी रानात गेलेत” याचा अर्थ ते कामाला गेले आहेत. मराठी समीक्षेने लोकसाहित्याला आणि दलित-आदिवासी लेखनाला ‘रांगडे’, ‘ओबडधोबड’, ‘उत्स्फूर्त’ अशी विशेषणे कौतुकाने बहाल केली, तेव्हा तिने या शब्दाचा पहिला अर्थ तेवढा घेतला. मशागत तिच्या नजरेतून सुटली.

तिसरा रविवार कविमित्रांचा. त्यांनी बांबूचे एक काळवंडलेले पेर आणले. हा सिंग्फो लोकांचा ‘फलाप’. वरच्या आसामात मार्घेरिटाच्या परिसरात आणि लगतच्या अरुणाचलात राहणारी ही जमात. पटकईच्या पलीकडे ब्रह्मदेशातील काचिन आणि युन्नानमधील जिंगपो हे त्यांचे भाऊबंद. १८२३ मध्ये सिंग्फो प्रमुख बिसा गाम यांनी रॉबर्ट ब्रूस याला चहाचे झाड दाखवले. १८३४ च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या चहा-समितीने हे झाड आसामचेच असल्याचा निर्वाळा दिला आणि १८३९ च्या जानेवारीत आसामी चहाच्या पहिल्या पेट्या लंडनमध्ये लिलावात विकल्या गेल्या. इतिहासात याला ‘शोध’ म्हणतात. रॉबर्टचा भाऊ चार्ल्स याने १८३८ च्या पुस्तिकेत सिंग्फोंची रीतही नोंदवली आहे: कोवळी पाने गरम करून बांबूत ठासावी, बांबू विस्तवावर फिरवावा, मग धुराच्या जागी टांगावा, असा चहा वर्षानुवर्षे टिकतो. म्हणजे ज्यांनी दाखवला त्यांना तो मुरवताही येत होता. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनुसार आसामचे आणि युन्नानचे मोठ्या पानांचे चहा एकाच घराण्यातले असले तरी त्यांच्या शाखा वेगळ्या. कोणी कोणाची नक्कल नव्हे.

बांबू चिरून आतल्या घट्ट कांडीचा एक काप उकळत्या पाण्यात टाकला. दूध नाही, साखर नाही. आधी धूर येतो, चुलीवर वाफाळणाऱ्या पाण्याच्या हंड्याचा. दुसऱ्या पाण्याला तो मागे सरतो आणि खालून सुक्या फळांसारखी मंद गोडी वर येते. मुंबईच्या चकतीची खोली तिला नाही, रानातल्या पु-अरची उसळीही नाही. पण तिघांत हा एकच चहा असा, की ज्यात घराचा वास आहे. तो गोदामात नव्हे, माणसे जेवत-बोलत असतात त्या चुलीवर मुरलेला असतो. सिंग्फो भाषेला अभिजात दर्जा नाही. भारतात ती बोलणारे काही हजारच. तरीही पेर टांगले जाते.

आमच्या घरातली मराठी, मला वाटते, दिल्लीच्या चकतीसारखी आहे. काचेच्या कपाटात नीट जपलेली, बुरशी नाही, कीड नाही, पण कोरडी. नातीला सगळे समजते, उत्तर ती हिंदीत देते. दर्जा मिळाला याचा आनंद आहेच. वेष्टनावर साल छापलेले असावे. मात्र भाषेला लागणारा ओलावा अधिसूचनेतून येत नाही. तो भांडणातून, भाजीबाजारातून, चुकीच्या व्याकरणातून, रोजच्या वापराने येतो.

उरलेली दिल्लीची चकती शेजाऱ्यांनी मला देऊन टाकली. नात येत्या जुलैत मुंबईला शिकायला जाणार आहे; तिच्याबरोबर ती पाठवावी, अशी त्यांचीच सूचना. तिथल्या चार पावसाळ्यांत दोघींचे काय होते ते पाहायचे.