फॉर्मवर कोणाचं नाव?

भाच्याने माझी वॅगनार राजाराम पुलाच्या अलीकडे एका उभ्या टेम्पोला मागून ठोकली. टेम्पोला ओरखडाही नाही, भाचा धड, आणि शेजारी बसलेली माझी ऐंशीची आई म्हणाली, "झालं? चला आता." गाडीचा मात्र बंपर फाटला, पुढची जाळी तुटली आणि बोनेट नाकाशी दुमडलं.

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत गाडी येऊन लागते न लागते तोच पार्किंगमध्ये बैठक भरली. सल्ला बहुतेकांचा एकच. "काकू, क्लेमच्या फॉर्मवर चालवणारा म्हणून तुमचंच नाव टाका. दुसरा कोणी चालवत होता म्हटलं की कंपनी हात वर करते." एकाने भर घातली, "त्यातून पोराचं लायसन्स कोल्हापूरचं. ते पुण्यात कुठलं चालायला?" पुण्याबाहेरचं काही पुण्यात चालत नाही ही आमच्याकडची जुनी श्रद्धा आहे, पण लायसन्स देशभर चालतं. भाचाही घाबरून म्हणायला लागला, "मावशी, टाक ना तुझं नाव. काय बिघडतंय?"

मी वर जाऊन पॉलिसीचे कागद काढले. चालकाबद्दलचं कलम चार-पाच ओळींचं आहे. मालकासह कोणीही गाडी चालवू शकतो; अट एवढीच की अपघाताच्या वेळी त्याच्याकडे त्या वर्गाच्या वाहनाचं वैध लायसन्स हवं आणि ते बाळगायला तो अपात्र ठरलेला नसावा. भाचा, जावई, शेजारी असा भेद त्यात कुठेच नाही. विमा असतो गाडीचा. म्हणजे जे खोटं बोलायला सगळे मला सांगत होते, त्याची गरजच नव्हती. उलट खोटं लिहिलं असतं तर कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळालं असतं. समजा टेम्पोवाल्याला लागलं असतं, पोलीस आले असते, तर त्यांच्या कागदावर भाच्याचं नाव आणि माझ्या फॉर्मवर माझं!

सर्व्हेयर वर्कशॉपमध्ये आला. मोबाइलवर फोटो काढले, चेसिस नंबर टिपला आणि विचारलं, "चालवत कोण होतं?" मी म्हटलं, "माझा भाचा." त्याने लायसन्स मागितलं, वर्ग पाहिला, मुदत पाहिली, नाव लिहून घेतलं. विषय संपला. त्यानंतर जवळजवळ अर्धा तास तो आणि वर्कशॉपवाला जाळीवर भांडत होते. हा म्हणे क्लिप तुटल्यात, चिकटवून बसेल; तो म्हणे साहेब, खड्ड्यात गेली की खाली पडेल. शेवटी जाळी नवीन मंजूर झाली.

खरा फटका बसला तो हिशेबात. माझ्याकडे झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, नव्हतं. प्लास्टिकच्या भागांवर सरसकट 50 टक्के घसारा कापतात, त्यामुळे बंपर आणि जाळीचे अर्धे पैसे आमचेच. बोनेट पत्र्याचं, गाडी चौथ्या वर्षात, म्हणून त्यावर 25 टक्के. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे 1,000 रुपये आपल्या खिशातून जातात. भाच्याने तेवढे मुकाट्याने दिले. पण नो क्लेम बोनस गेला तो माझा. तीन वर्षं क्लेम न केल्याने 35 टक्क्यांवर पोचले होते, अजून दोन वर्षांत 50 झाले असते. आता पुन्हा शून्यापासून. गाडी कोणीही ठोको, बोनस मालकाचा कापला जातो. गाडी मागायला येणाऱ्यांना हे ठाऊक नसतं आणि आपण भिडेपोटी सांगत नाही.

कागद वाचता वाचता जे दिसलं त्याने मात्र मी हादरले. पॉलिसीत 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो फक्त मालक-चालकाचा. भाच्याला त्या दिवशी काही झालं असतं तर त्यातला एक पैसा त्याच्या घरी गेला नसता. या विषयावर सर्वोच्च न्यायालयाचा 2009 चा एक निकाल आहे. इरकली लुगड्यांच्या इलकलहून गावी निघालेला एक माणूस दुसऱ्याची मोटरसायकल घेऊन जात होता. पुढची बैलगाडी अचानक थांबली आणि तो तिच्यावर आदळून गेला. न्यायालय म्हणालं, गाडी मागून घेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, म्हणून दोष सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या कलमाखाली त्याच्या कुटुंबाला मालकाच्या विमा कंपनीकडे मागता येणार नाही. भाच्याला मी त्याच आठवड्यात स्वतःची वेगळी अपघात पॉलिसी काढायला लावली.

आणि लायसन्सच नसेल तर? गाडीच्या दुरुस्तीचे पैसे विसरायचे. समोरच्या जखमी माणसाला न्यायाधिकरण बहुधा कंपनीकडून भरपाई देववतं, पण मालकाने निष्काळजीपणे किल्ली दिल्याचं सिद्ध झालं तर कंपनी ती मालकाकडून वसूल करू शकते; 2004 च्या स्वर्णसिंग खटल्यापासून हे चालत आलंय. दहावी-बारावीच्या पोरांच्या हाती किल्ली देणाऱ्यांचं तर याहून वाईट. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

परवा शेजारच्या मुलीने विचारलं, "काकू, माझं लर्निंग आलंय. सकाळी डीपी रोडवर तुमच्या गाडीवर हात साफ करू?" पॉलिसीत शिकाऊ लायसन्सही चालतं, पण शेजारी पक्कं लायसन्सवालं कोणी हवं आणि गाडीला पुढे-मागे लाल 'एल' हवा. तिला म्हटलं, 'एल' चिकटवून ये, सहाला निघू; शेजारी मी बसेन. बोनस तसाही शून्यावरच आहे.