साचा चालू, कापड कुठाय?

नव्या शहरात उतरलं की लोक आधी फोटो काढतात. मी आधी हेडफोन लावते. आणि बर्मिंगहॅमसाठी प्लेलिस्ट तर मुंबईतच ठरलेली होती. एकच अल्बम, गॉडफ्लेशचा 'स्ट्रीटक्लीनर', साल १९८९. इंडस्ट्रियल मेटल म्हणजे काय रे भाऊ, असं कुणी विचारलं तर बिनधास्त पुढे करावा असा.

निघायच्या आदल्या रात्री आजोबांनी तो हेडफोन मागितला. आजोबांनी लालबागच्या गिरणीत १९८२ च्या संपापर्यंत साचे चालवले. साचाखात्यातल्या आवाजाने कान अर्धे गेलेत, त्यामुळे व्हॉल्यूम फुल्ल! दोन मिनिटं ऐकलं, हेडफोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ''साचा चालू आहे गं, पण कापड कुठाय?'' मी हसले आणि बॅग भरायला घेतली.

बर्मिंगहॅममध्ये माझी वॉक सुरू झाली ती ब्रॉड स्ट्रीटच्या पुलावरून. २०१९ मध्ये या पुलाला ब्लॅक सबाथचं नाव मिळालं. इथल्या बाकावर बँडच्या चौघांचे चेहरे आहेत आणि जुलै २०२५ मध्ये ऑझी ऑस्बर्न गेला तेव्हा चाहत्यांनी इथेच फुलं आणून ठेवली. याच बँडच्या टोनी आयोमीची दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली तुटली होती. तुटक्या बोटांना झेपावं म्हणून त्याने टोकांना टोपणं चढवली, पुढे तारा सैल केल्या आणि मेटलचा तो जड आवाज आला. म्हणजे या शहरात मशीन आणि गिटार यांचं नातं अक्षरशः रक्ताचं आहे.

पुलाखाली उतरलात की कालवा. कॅफे, रंगीत बोटी, बिअरचे ग्लास... एकदम पोस्टकार्ड! पण पाच मिनिटं चाला, गर्दी संपते आणि फार्मर्स ब्रिजची १३ लॉक्स सुरू होतात. लॉक म्हणजे बोटींसाठी बांधलेला पाण्याचा जिना. पहिल्या पायरीशी मी प्ले दाबलं.

'लाइक रॅट्स' सुरू होतं आणि पहिल्या ठोक्यालाच कळतं, इथे ड्रमर नाहीये. आहे ते ड्रम मशीन. अल्बमवर त्याला क्रेडिटसुद्धा 'मशीन' असंच दिलंय. जस्टिन ब्रॉडरिक तेव्हा जेमतेम विशीचा, इथल्याच कौन्सिलच्या वसाहतींत वाढलेला. नेपाम डेथच्या 'स्कम'ची (१९८७) पहिली बाजू त्यानेच वाजवलेली. त्या बँडचा वेग म्हणजे सुसाट लोकल! इथे मात्र त्याने उलटं केलं. सगळं संथ. जी. सी. ग्रीनचा बेस ट्रकच्या इंजिनासारखा पोटात घुमतो आणि गिटार पत्र्यावर पत्रा घासावा तशी किंचाळते.

यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे मशीनची बेफिकिरी. माणूस ड्रम वाजवतो तेव्हा दमतो, चिडतो, जरा पुढेमागे होतो. हे यंत्र काहीच करत नाही. 'क्राइस्टबेट रायझिंग'मध्ये तर बीट चक्क हिप-हॉपच्या अंगाने डुलतो. डोकं हलतं, पण हसू येत नाही. अ‍ॅस्टनच्या ११ लॉक्सच्या बाजूने चालताना मागच्या अंगाने उभ्या विटांच्या भिंती दिसत होत्या आणि वाटत होतं, ही गाणी याच भिंतींसाठी बनलीत.

आता दुखणी. एक, चढउतार नाही. 'मायटी ट्रस्ट क्रशर'पर्यंत पोचता पोचता कान बधिर होतात. दोन, ब्रॉडरिक ओरडतो जबरदस्त, पण शब्द आवाजाच्या ढिगाखाली गाडले जातात. तीन, सीडी! मूळ एलपीवर दहाच गाणी होती, सीडीवर 'टायनी टिअर्स'ची चार जोडून चौदा केली. 'लोकस्ट फर्नेस'ला सगळं जळून संपलेलं असताना पुन्हा विस्तव कशाला उकरायचा? माझं ऐकाल तर दहाव्या गाण्याला थांबा.

पण खरं दुखणं मला कळलं ते स्पॅगेटी जंक्शनखाली. १९७२ मध्ये सुरू झालेलं हे रस्त्यांचं भेंडोळं, वर मोटारवेचा अखंड घरघराट, खाली काँक्रीटचे खांब आणि खांबांमधून निवांत वाहणारे कालवे. याहून परफेक्ट जागा शोधून सापडणार नाही. मी व्हॉल्यूम वाढवणार, इतक्यात बोटीवरच्या एका काकांनी हात केला. हेडफोन काढला तर म्हणाले, ''ऑलराइट, बॅब?'' बॅब म्हणजे इथलं 'काय गं बाळा'. दोन मिनिटं पावसावर बोलले, किटली गॅसवर आहे म्हणाले आणि आत गेले.

एवढा वेळ अल्बममध्ये हेच तर नव्हतं! आजोबा सांगतात, साचाखात्यात कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. मग माणसं ओठ वाचायची, हातवारे करायची. उधारी, चेष्टामस्करी, कुणाच्या पोरीचं लग्न, सगळं त्या गोंगाटात चालायचं. धोटा धावायचा आणि शेवटी कापड निघायचं. 'स्ट्रीटक्लीनर'मध्ये मशीन चालतं, पण कुणी काही विणत नाही, कुणी कुणाशी बोलत नाही. कारखान्यांच्या शहरात वाढलेल्या विशीतल्या पोराला कामाचा आवाज ऐकू आला नाही, काम संपल्यावरची पोकळी ऐकू आली. म्हणूनच तो खोटा वाटत नाही. आणि म्हणूनच पुरतही नाही.

हॉटेलवर येऊन आजोबांना व्हिडिओ कॉल केला. कालवा दाखवला, खांब दाखवले. ''तुमचं बरोबर होतं, कापड नाहीये,'' मी ओरडून सांगितलं.

''काय?'' आजोबा म्हणाले.

मग मी आवाज न करता, नुसते ओठ हलवून पुन्हा सांगितलं. या वेळी त्यांना बरोब्बर कळलं.