मेलबर्नचा मेरी क्रीक: चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची एकच वाट

क्रीक म्हटलं की आपल्याला ठाण्याची किंवा वाशीची खाडी आठवते. ऑस्ट्रेलियात मात्र क्रीक म्हणजे साधा ओढा! मुला-नातवंडांना भेटायला मेलबर्नला जाणार असाल, तर उत्तरेकडच्या उपनगरांतून वाहणाऱ्या मेरी क्रीकच्या काठाने एक सकाळ नक्की फिरा.

हा ओढा डाइट्स फॉल्सजवळ यारा नदीला मिळतो. तिथून काठाकाठाने निघालेली वाट कोबर्गच्या तळ्यापर्यंत आणि त्याच्याही पुढे जाते. ‘मेरी’ हे कुणा बाईचं नाव नव्हे बरं का! इथल्या मूळच्या वुरुंजेरी लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘खडकाळ’. खडकही ओळखीचा वाटेल, आपल्या सह्याद्रीसारखाच काळा बसाल्ट.

वाट एकच, चालणारे आणि सायकलवाले दोघांचीही. नियम सोपे आहेत. आपल्यासारखंच डावीकडून जायचं. सायकलवाल्याने घंटी वाजवायची, पण आधी वाट चालणाऱ्याला द्यायची. सायकल चालवताना हेल्मेट सक्तीचं. जोराचा पाऊस झाला की पुलांखालची वाट पाण्यात जाते, तेव्हा तिकडे फिरकू नका.

ब्रन्सविक ईस्टला ‘सेरेस’ नावाचं पर्यावरण उद्यान लागतं. इथे आधी दगडाची खाण होती, मग कचऱ्याचं डंपिंग ग्राउंड. १९८२ पासून लोकांनी इथे झाडं लावली, भाजीचे वाफे केले. ओढ्याकाठीही देशी झाडं वाढली आणि दिसेनासा झालेला खंड्या परत आला.

घरी परतलात की सोसायटीमागच्या नाल्याकडे एकदा बघा. तोही कधीकाळी ओढाच असेल, नाही का?