बफेलो : गुराख्यांचे गाव आणि कादंबऱ्यांचे रान

प्रेम आणि रहस्य एकत्र गुंफलेल्या कादंबऱ्या अमेरिकेत ढिगांनी खपतात. त्यांतल्या पुष्कळशा पश्चिमेकडच्या एखाद्या लहान गावात घडतात. शहरातून आलेली शिक्षिका, गुरेढोरे राखणारा अबोल तरुण, रात्रीतून कुणीतरी तोडलेले तारेचे कुंपण आणि पहाटे गोठ्याला लागलेली आग! भीतीची गोष्ट सांगायला यांना गुराख्यांचेच गाव का लागते, हे समजून घ्यायचे तर चला, वायोमिंग राज्यातल्या बफेलो गावी जाऊ.

डेन्व्हर शहरातून मोटारीने उत्तरेकडे सहाएक तास लागतात. वायोमिंग आकाराने आपल्या महाराष्ट्राहून थोडेसेच लहान, पण २०२० च्या शिरगणतीत तेथील माणसे भरली अवघी पावणेसहा लाख. बफेलोची वस्ती साडेचार हजारांच्या आत. पश्चिमेला बिगहॉर्नचे डोंगर, गावातून वाहणारा क्लिअर क्रीक हा ओढा आणि त्याच्या काठी १८८० पासूनचे ऑक्सिडेंटल हॉटेल. गावाबाहेर पडले की नुसते गवताचे माळ. रँच म्हणजे गुरांचे मोठे रान. पाऊस बेताचा, त्यामुळे एका गाईला कित्येक एकर चराई लागते. साहजिकच शेजाऱ्याचे घर कोसावर. हाक मारली तर ऐकायला कोणी नाही. कादंबरीकाराला आणखी काय हवे?

पण बफेलोची खरी गोष्ट कादंबरीहून भयंकर आहे. तेथे गाय कोणाची हे तिच्या अंगावरचा डाग सांगतो. वासरू जन्मले की तापल्या लोखंडाने आपल्या रँचची खूण त्याच्यावर उमटवायची. डाग नसलेले वासरू मोकळ्या माळावर सापडले तर ते कोणाचे? सगळी मेख येथेच आहे. सरकारी माळावर हजारो गुरे चारणाऱ्या बड्या मालकांनी १८८४ मध्ये कायदाच करवून घेतला आणि अशी वासरे आपल्या संघटनेच्या ताब्यात घेतली. त्यानंतर १८८६-८७ च्या हिवाळ्यात बर्फाने अतोनात गुरे मेली. इकडे १६० एकरांचा सरकारी तुकडा घेऊन लहान शेतकरी येऊन बसत होते, कुंपणे घालत होते. बड्यांनी त्यांना सरसकट गुरेचोर ठरवले. चोर अजिबात नव्हते असे नाही. पण चोर कोण हे बडेच ठरवू लागले, यात काय ते ओळखावे.

एप्रिल १८९२ मध्ये सुमारे पन्नास बंदूकधारी खास आगगाडीने निघाले. त्यांतले वीसेक टेक्सासहून पैसे देऊन आणलेले. मारायच्या माणसांची यादी त्यांच्याजवळ होती, आणि तारायंत्राच्या तारा आधीच तोडल्या होत्या. बफेलोच्या दक्षिणेला के. सी. रँचवर ९ एप्रिलला त्यांनी निक रे याला गोळी घातली आणि नेट चॅम्पियनला घरात कोंडले. चॅम्पियन एकटा दिवसभर लढला, आणि लढता लढता खिशातल्या वहीत काय घडते आहे ते टिपत राहिला. शेवटी त्यांनी घर पेटवले, आणि तो धावत बाहेर पडताच त्याला टिपले.

बातमी बफेलोत पोहोचली. दुकानदार, शेतकरी, गुराखी असे दोनशेहून अधिक लोक बंदुका घेऊन निघाले आणि त्यांनी या टोळीला टी. ए. रँचवर वेढले. १३ एप्रिलला घोडदळ आले ते टोळीला वाचवायला! राज्यपालांनी थेट राष्ट्राध्यक्षांना तार केली होती. पुढे खटला उभा राहिला, पण साक्षीदार पळवले गेले, कैद्यांचा खर्च जिल्ह्याला झेपेना, आणि १८९३ मध्ये सगळे सुटले. एकालाही शिक्षा नाही.

आता कादंबरीकडे वळू. ओवेन विस्टर नावाचा फिलाडेल्फियाचा तरुण १८८५ मध्ये प्रकृतीसाठी वायोमिंगला आला आणि मेजर वुलकॉटच्या रँचवर उतरला. हाच वुलकॉट पुढे त्या टोळीचा म्होरक्या झाला. विस्टरची ‘द व्हर्जिनियन’ १९०२ मध्ये निघाली. तिचा नायक गुराखी, नायिका व्हर्मांटहून आलेली शिक्षिका मॉली. लग्नाच्या आदल्या दिवशी वैरी नायकाला आव्हान देतो. गेलास तर आपले लग्न नाही, असे मॉली बजावते. तो जातो, वैऱ्याला मारतो, आणि तरीही ती त्याच्याशी लग्न करते. आजच्या प्रेम-रहस्य कथांचा साचा बराचसा येथून आला. पण याच नायकाने गुरे चोरल्याबद्दल आपल्या जिवलग मित्राला फाशी दिलेले असते, आणि पुस्तक त्याला न्याय म्हणते. लेखक ज्याच्या घरी जेवला त्याची बाजू त्याने घेतली, असे माझे मत. नेट चॅम्पियनच्या बाजूने पाहिले तर तीच गोष्ट अगदी निराळी वाटेल.

आजचा लेखक क्रेग जॉन्सन बफेलोजवळच्याच उक्रॉस या चिमुकल्या वस्तीत राहतो. शेरीफ लाँगमायर हा त्याचा नायक २००४ पासून पुस्तकांतून आणि पुढे दूरदर्शन मालिकेतून गाजला. शेरीफ म्हणजे जिल्ह्याने निवडून दिलेला फौजदार. कथेतले गाव काल्पनिक आहे, पण वाचक त्याला शोधत बफेलोत येतात.

के. सी. रँचच्या डागावरूनच तेथल्या गावाला केसी हे नाव पडले आहे. टी. ए. रँचच्या जुन्या गोठ्याच्या लाकडात गोळ्यांची भोके आहेत. आणि वायोमिंगमध्ये आजही गुरे विकायची किंवा जिल्ह्याबाहेर न्यायची तर आधी निरीक्षक येतो आणि एकेका जनावराचा डाग तपासून कागद देतो.