वरची ओळ, खालची ओळ

बेंगळुरूत आम्ही सात-आठ मराठी ख्रिस्ती कुटुंबं महिन्यातले दोन रविवार एकत्र उपासना करतो. जागा उसनी, दुसऱ्या एका मंडळीची. त्यांची इंग्रजी उपासना आटोपली की आमची सुरू होते. मोठ्यांचं प्रवचन चालू असताना मागच्या खोलीत मुलांची शब्बाथशाळा भरते, ती मी घेते. मुलं आठ-दहा. कुणाचे आजीआजोबा नगरकडचे, कुणाचे सोलापूरचे, एक कुटुंब बेळगावचं. मुलं आपसात इंग्रजी आणि कन्नड बोलतात आणि मराठी वाचायला सांगितलं की एकेक अक्षर लावत वाचतात.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारचा पाठ होता 'मेहनत'. तो मीच निवडला होता आणि त्यात माझा स्वार्थ होता. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने शाळेतला कन्नड निबंध संगणकाकडून लिहून घेतला होता. विषय 'माझी आजी'. मी मराठी आणि कन्नड यांच्यामध्ये ये-जा करून पोट भरणारी बाई, त्यामुळे निबंधातली भाषा स्वच्छ आहे हे वाचताक्षणी कळलं, आणि ती हिची नाही हेही. त्यातली आजी नऊवारी नेसून तुळशीला पाणी घालत होती. आमच्या घराण्यात चार पिढ्या कुणी तुळशीला पाणी घातलेलं नाही. मी तसं म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "टीचरना चालतं. आणि खऱ्या आजीचं तू सांगतेस कुठे?"

हे उत्तर मला झोंबलं, पण मी ते कानाआड केलं आणि 'मेहनत' काढली.

या विषयाला आमच्याकडे एक ठरलेलं वचन आहे. कलस्सैकरांस पत्र, तिसरा अध्याय, तेविसावी ओवी. (बायबलच्या वचनाला जुनी मराठी ख्रिस्ती माणसं ओवीच म्हणतात.) आशय असा की, जे काही कराल ते मनापासून करा, माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी करतो आहोत असं समजून करा. मी मुलांना उदाहरणं दिली: गृहपाठ, दप्तर, सकाळी आपल्या पांघरुणाची घडी. कुणी बघत नसतानाही काम नीट करायचं, अंगचोरी करायची नाही. मुलं माना हलवत होती. माझी मुलगी मात्र पुस्तकात बोट धरून बसली होती.

"आई, हे दासांना सांगितलंय. वरच्या ओळीत आहे. तू वरची ओळ का सोडलीस?"

शेजारचा मुलगा म्हणाला, "दास म्हणजे सर्व्हंट." दुसरीने दुरुस्त केलं, "स्लेव्ह." मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी काहीतरी गुळमुळीत बोलले, त्या काळची पद्धत वगैरे, आणि प्रार्थनेला डोळे मिटायला सांगितले.

घरी आलो तर अक्का ओट्याशी भांडी घासत होत्या. अक्का आमच्याकडे सहा वर्षं कामाला आहेत. मुलीने चपला काढल्या, स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मला एवढंच विचारलं, "अक्का रविवारीपण का येतात?"

अनुवाद करणाऱ्याला एक गोष्ट कधी माफ नसते: ओळ गाळणं. शब्द चुकला तर चर्चा होते, गाळलेली ओळ मात्र वाचकाला कळतही नाही. मी ती ओळ मुद्दाम गाळली नव्हती. आम्हाला लहानपणी जशी शिकवली तशीच पुढे दिली होती, तेवढीच कापून. पण त्या रात्री मी तो उतारा पुन्हा वाचायला बसले. ग्रीकमध्ये तिथे 'दूलोस' आहे, म्हणजे विकत घेतलेला, मालकीचा माणूस. ज्याच्या कष्टाला मोबदला नाही आणि ज्याला 'नाही' म्हणायची सोय नाही, त्याला पौल सांगतो आहे की तुझा खरा धनी वेगळा आहे आणि तुझा वारसा तो देईल. दासाला वारसा! हे त्या काळी केवढं धाडसाचं बोलणं असेल. पण तेच वाक्य मालकाच्या तोंडी दिलं तर त्याचा चाबूक होतो.

आणि खालची एक ओळही सुटते. तिसरा अध्याय संपतो आणि चौथ्याच्या पहिल्याच ओवीत पौल धन्यांकडे वळतो: आपल्या दासांशी न्यायाने आणि समतेने वागा, कारण तुमच्यावरही स्वर्गात एक धनी आहे. हे अध्याय पौलाने पाडलेले नाहीत, ती तेराव्या शतकातली सोय. पण त्या सोयीने बोलणं मधोमध तोडलं, आणि दासाचं कर्तव्य एका पाठात नि धन्याचं दुसऱ्यात गेलं. आमच्या शब्बाथशाळेत तो दुसरा पाठ कधी झाल्याचं मला आठवत नाही.

आता आजीचं. माझी आजी नगर जिल्ह्यातली, मिशनच्या दवाखान्यात आया होती. तिचे वडील गावचे येसकर. हातात काठी, गावाची राखण, सांगावे पोचवणं, मेलेली ढोरं ओढणं, अधिकारी आला की त्याच्या घोड्याला वैरण. बदल्यात दारोदार फिरून भाकरी मागायची आणि वतनाचा जमिनीचा एक तुकडा. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या विरुद्ध विधेयक मांडलं ते याच कामाबद्दल. ही वतनं कायद्याने बंद व्हायला 1958 साल उजाडलं. पणजोबा तोवर गेले होते. त्यांनी आयुष्यभर मेहनत केली, पण तिला कुणी मेहनत म्हटलं नाही. तिला वेठ म्हणत.

अशा बापाची मुलगी कामाला नाक मुरडेल असं वाटेल. आजीचं उलट होतं. बेडपॅन घासावं तर तिनेच, चादरीचे कोपरे दुमडावेत तर तिनेच. मी विचारायचे, "आजी, एवढं कोण बघतंय?" ती म्हणायची, "मी बघते ना." पण शनिवारी रात्री तिची गडबड सुरू व्हायची. भाजी चिरून, भाकरी थापून, कपड्यांच्या घड्या घालून ठेवायच्या. रविवारी चूल फक्त चहापुरती. भांडी राख लावून सोमवारपर्यंत पडून. आईला ते अति वाटायचं. एकदा तिने तसं बोलून दाखवलं तेव्हा आजी म्हणाली, "वेठीला रविवार नसतो. माझ्या बापाला नव्हता. मला आहे."

हे वाक्य मी तिशी ओलांडेपर्यंत फक्त हट्टी म्हातारीचं वाक्य समजत होते.

एम.ए.ला आम्ही मॅक्स वेबर वाचला होता. 1904-05 मधला त्याचा प्रॉटेस्टंट नीतीवरचा निबंध. आपल्या रोजच्या धंद्याला देवाचं पाचारण मानायची कल्पना 'बेरूफ' या शब्दात आली आणि ती लूथरच्या बायबलच्या अनुवादातून आली, असं तो म्हणतो. एका अनुवादकाच्या शब्दाने एवढं घडावं याचं मला अप्रूप वाटलं होतं. पण आजीचा हिशेब वेबरमध्ये नव्हता, अनुवादाच्या अनुवादात होता. मोशेच्या पुस्तकांत दहा आज्ञा दोनदा येतात. निर्गमात शब्बाथ पाळायचं कारण दिलं आहे की देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादात कारण वेगळं आहे: तू मिसरात दास होतास हे आठव. आणि तिथे स्पष्ट आहे की विसावा तुझ्या एकट्याचा नाही, तुझ्या दासाचा नि दासीचा, बैलाचा नि गाढवाचाही आहे.

हिब्रूत यातली सगळी गुंतागुंत एका धातूत आहे. 'आवाद' म्हणजे काम करणं. एदेन बागेची मशागत करायला आदामाला ठेवलं तिथे हाच धातू, आणि तेही शापाच्या आधी, घामाच्या आधी. मिसरातल्या गुलामीला हाच धातू. देवाच्या उपासनेलाही हाच. मराठीत 'सेवा' शब्द थोडासा असा आहे: तो देवाचीही करतो आणि सरकारचीही. काम एकच असतं. ते मशागत आहे, वेठ आहे की उपासना, हे कोण कुणासाठी आणि कुठल्या अटीवर करतो यावर ठरतं. हे मराठी माणसाला नवीनही नाही. जनाबाई नामदेवाच्या घरची दासी, तिच्या जात्याला विठ्ठल हात लावतो अशी आपली श्रद्धा आहे. तो तिला 'आणखी मनापासून दळ' असं सांगत नाही. खुंटा धरतो.

आपल्याकडच्या मिशनऱ्यांना हा प्रश्न फार लवकर भेटला. बेंगळुरूच्या जुन्या घरांवर अजून दिसतात ती मंगळुरी कौलं. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, त्याआधी विणकामाचा. कारण धर्म बदलला की जात सुटायची आणि जातीबरोबर धंदाही. माणसाला हाताला काम देणं भागच होतं. काम मिळालं, सोबत घंटा आणि शिस्तही आली. त्या कौलांखाली किती माणसं ताठ उभी राहिली आणि किती नुसतीच घंटेवर धावली, हे एका वाक्यात सांगता येणार नाही.

मला जास्त जवळची आहे केडगाव. पंडिता रमाबाई, जन्म 1858, आजच्या कर्नाटकातल्याच घाटातल्या गंगामुळाचा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातल्या मुली आणि विधवा आणल्या. ज्यांचे हात तोवर सासरच्या राबणुकीसाठी किंवा भिकेसाठी होते, त्या मुली छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणत होत्या. त्या 1922 मध्ये गेल्या. त्यांचं संपूर्ण बायबल 1924 मध्ये निघालं. मूळ भाषांपासून खिळ्यांपर्यंत बायकांनी केलेलं पुस्तक. आळस झटका, असं मुलांना सांगायचं असेल तर मी हे सांगेन. पण आधी त्या मुली कुठून आल्या ते सांगावं लागेल. वरची ओळ.

पुढच्या शब्बाथशाळेत मी तोच पाठ पुन्हा घेतला, दासांपासून धन्यांपर्यंत, अध्यायाची रेघ ओलांडून. आणि पणजोबांचं सांगितलं: काठी, ढोरं, भाकरी. आमच्यात हे बोलत नाहीत. चार पिढ्या ख्रिस्ती म्हणजे जणू आधी काही नव्हतंच, अशी आमची रीत. बाहेर पालकांपैकी एक जण हलकेच म्हणाले, "मुलांना हे कशाला, ताई?" मला त्यांची भीती कळते. इथे आडनावावरून कुणी काही ओळखत नाही, ते सुख त्यांना गमवायचं नाही. मी म्हटलं, "मुलांना नुसती मेहनत शिकवली तर ती कुणासाठी हे कोण शिकवणार, दादा?" ते काही बोलले नाहीत. पुढच्या वेळी मुलांना घेऊन आले, एवढं खरं.

अक्कांना मी म्हटलं, रविवारी येऊ नका, पगार तोच. मला वाटलं त्या खूश होतील. त्यांनी पदर खोचत विचारलं, "मग रविवारची भांडी सोमवारी मीच घासायची ना?"

बरोबर होतं. सुट्टी द्यायची आणि काम तसंच साठवून ठेवायचं, म्हणजे तोंडदेखला शब्बाथ. म्हणून आता रविवारची भांडी आम्ही घासतो. नवरा विसळतो, मी पुसते, घासायचं काम मुलीकडे. आजीला हे पटलं नसतं. रविवारी घासणी हातात! तिच्याशी या मुद्द्यावर माझं मनातल्या मनात भांडण अजून मिटलेलं नाही.

पहिल्या रविवारी मुलीने कढई आतून लख्ख केली, बुडाला हातही लावला नाही. मी पाहिलं, बोलले नाही. सोमवारी अक्कांनी ती उचलली, उलटी केली, क्षणभर पाहिली आणि मुकाट्याने पुन्हा घासायला घेतली. मुलगी दारात दप्तर घेऊन उभी होती. तिने ते पाहिलं. बस यायची वेळ झाली होती, तरी ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली.