ऑटरहाउंड घरी आणण्यापूर्वी

केंडल, इंग्लंड

चि. निनाद यास,


ऑटरहाउंडच्या पिल्लासाठी नाव नोंदवायचं तुम्ही दोघांनी मनावर घेतलंत, फार आनंद झाला. ही जात आता जगभर मिळून हजाराच्या आतच उरली आहे. ब्रिटनच्या केनेल क्लबने तिला धोक्यातल्या देशी जातींत धरलं आहे. म्हणून पैसे भरण्याआधी चार गोष्टी सांगते.

पाणमांजराची टोळीने शिकार करण्यासाठी हा कुत्रा घडवला. पायाच्या बोटांत पडदे, वरचे केस राठ, खाली तेलकट लव. गार नदीतही तो रमतो. रात्री काठाने गेलेल्या पाणमांजराचा माग तो सकाळी वासावरून काढायचा. पुढे कीटकनाशकांमुळे पाणमांजरं घटली आणि १९७८ साली इंग्लंडमध्ये त्यांच्या शिकारीवर बंदी आली. बंदी योग्यच होती, पण टोळ्यांचं काम संपलं. तेव्हा डम्फ्रीसशायरच्या आणि आमच्या केंडलच्या टोळ्यांमधले कुत्रे लोकांच्या घरी गेले, म्हणून जात तगली. आजही ती घरांच्याच आधारावर उभी आहे.

स्वभाव लाघवी, माणसांत आणि इतर कुत्र्यांत मिसळणारा. एकटेपणा मात्र त्याला सोसत नाही. नर खांद्यापाशी सुमारे ६९ सेंटिमीटर उंच आणि पन्नास किलोंच्या घरात भरतो. एकदा नाक जमिनीला लागलं की हाक ऐकू येत नाही, तेव्हा कुंपण भक्कम हवं आणि उघड्यावर पट्टा सोडू नये. आवाज खोल, लांबवर घुमणारा. शेजाऱ्यांशी आधीच बोलून घ्या. आठवड्याला अंग विंचरा. पोहून आला की लांब कान आतून कोरडे करा, नाहीतर ते चिघळतात. पिल्लू वाढत असताना जिने आणि उड्या बेतानेच, कारण या जातीत मागच्या पायांच्या खुब्याचे सांधे बिघडतात. ग्लान्झमान नावाचा रक्तस्रावाचा आनुवंशिक आजारही आढळतो. त्याची जनुकीय चाचणी होते. आईबापांचे खुब्यांचे आणि या चाचणीचे असे दोन्ही रिपोर्ट पाहिल्याशिवाय होकार देऊ नका.

दिवसभर घराला कुलूप राहणार असेल, तर नाव नोंदवू नका. घरात माणूस आणि रोज लांब फिरायला वेळ असेल, तर जरूर आणा. पिल्लू मोठं होऊन निरोगी निघालं आणि ब्रीडरने पैदाशीसाठी विचारलं, तर नाही म्हणू नका. इतक्या थोड्या कुत्र्यांत प्रत्येक निरोगी वंश मोलाचा आहे.

तुझी,
मावशी